नरक्याच्या लाकडातील औषध

पश्चिम घाटातील सदाहरित जंगलात नरक्या हा लहानखुरा वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना येणारी दुर्गंधी पाहता कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. प्रत्यक्षात मात्र सिंधुदुर्ग, कोल्हापूर जिल्ह्यांत त्याची चोरटी तोड होत आली आहे. कॅन्सरवरील औषधांचा आधार असलेले कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड त्याच्या लाकडात असते, हे त्यामागील कारण.

या द्रव्याचा मूळ शोध चिनी वृक्षात लागला. अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये तो जाहीर केला. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासायचा आणि ज्यात गुण दिसेल तोच पुन्हा विभागायचा, अशी ही चिकाटीची पद्धत होती. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडले.

नरक्याच्या वाळलेल्या लाकडाची भुकटी मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात. मेथॅनॉल उडवून उरलेला गाळ क्लोरोफॉर्म आणि पाण्यात घुसळला की कॅम्प्टोथेसिन क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. नंतर सिलिका भरलेल्या नळीतून घटक वेगळे केले जातात. अतिनील प्रकाशात हे द्रव्य निळसर चमकते. पण केवळ चमकेवर ओळख पक्की होत नाही. सोबत मेथॉक्सी-कॅम्प्टोथेसिन हे त्याचे भावंडही असते. म्हणून रेणूभार (सुमारे ३४८) आणि एनएमआर आलेख तपासावेच लागतात.

मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या सोडियम क्षाराच्या रुग्णांवरील चाचण्या १९७० च्या दशकात मूत्राशयावरील दुष्परिणामांमुळे थांबल्या. रेणूत बदल करून बनविलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

अडचण प्रमाणाची आहे. लाकडात ०.३ टक्के अंश धरला, तरी एका किलोसाठी तीनशे किलोंहून अधिक वाळके लाकूड लागते. मुळांतही द्रव्य असल्याने झाड मुळासकट उपटले जाते. मग फुटवा येण्याची आशाच उरत नाही. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या सालीत राहणाऱ्या बुरशीतून हेच द्रव्य मिळविले, तेव्हा पर्याय सापडल्यासारखे वाटले. परंतु अशा बुरशी प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढविल्यास त्यांची ही क्षमता घटत जाते, असे पुढील अभ्यासांत दिसून आले.