तीन स्तंभांचा लेख

रूपकाला आपण अलंकार म्हणतो आणि अलंकार म्हटला की तो उतरवून ठेवता येतो, असे आमचे विद्यार्थी गृहीत धरतात. गणिताच्या इतिहासातील एका पत्राने आम्हांला या समजुतीचा फेरविचार करायला लावले.

२६ मार्च १९४० रोजी फ्रान्समधील रुआं येथील तुरुंगातून आंद्रे वेय या गणितज्ञाने आपली बहीण, तत्त्वचिंतक सिमोन वेय, हिला ते लिहिले. लष्करी सेवेत हजर न झाल्याचा त्याच्यावर आरोप होता. (संस्कृत शिकलेल्या या गृहस्थाने पुढे आत्मचरित्रात गीतेतील स्वधर्माचा आधार घेतला: आपला धर्म गणित, युद्ध नव्हे. अर्जुनाला हा युक्तिवाद मानवला असता; कृष्णाला बहुधा नाही.) आपले काम म्हणजे तीन भाषांत कोरलेला, तुटक अवशेषांत उरलेला लेख वाचणे, असे तो बहिणीला सांगतो. एका स्तंभात नेहमीच्या संख्या, दुसऱ्यात रीमानची भूमिती आणि या दोहोंच्या मध्ये सांत क्षेत्रांवरील बैजिक फलने.

ही मधली भाषा थोडी समजावून घ्यायला हवी. १०१ तासांचे घड्याळ कल्पावे. त्यावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि, १०१ ही मूळ संख्या असल्यामुळे, भागाकारही करता येतो. हेच सांत क्षेत्र. आता शून्य वगळून प्रत्येक संख्येत तिचाच गुणाकार व्यस्त मिळवावा आणि उत्तर ज्या तासावर येईल त्या दिशेने एक एकक लांबीचा बाण काढावा. असे १०० बाण एकापुढे एक जोडले, तर आपण आरंभस्थानापासून किती दूर जाऊ? ही क्लोस्टरमनची १९२६ सालची घातीय बेरीज. सारे बाण एकाच दिशेचे असते, तर अंतर १०० भरले असते. प्रत्यक्षात ते १०१ च्या वर्गमुळाच्या दुपटीपलीकडे, म्हणजे सुमारे २०.१ च्या पलीकडे, जाऊच शकत नाही. स्वतः क्लोस्टरमनला याहून बरीच सैल मर्यादा मिळाली होती.

मर्म असे की, एका बेरजेकडे सुटे पाहायचे नाही. १०१ घटकांच्या क्षेत्रामागे १०१ च्या वर्गाइतक्या, घनाइतक्या घटकांची क्षेत्रे उभी असतात आणि प्रत्येकाची अशीच एक बेरीज असते. ही अनंत मालिका ज्या एका सूत्रात ओवली जाते, ते एल-फलन. क्लोस्टरमनच्या बाबतीत ते अवघी द्विघाती बहुपदी निघते. साऱ्या बेरजा दोन संख्यांत सामावतात. त्या प्रत्येकीचे मान नेमके वर्गमुळाइतके असते, हा रीमानच्या सुप्रसिद्ध अटकळीचा मधल्या स्तंभातील अवतार.

हासेने १९३० च्या दशकात एका विशिष्ट जातीच्या वक्रांपुरते हे सिद्ध केले होते. वेयने १९४० मध्ये सर्व वक्रांसाठीच्या सिद्धतेचे टिपण प्रसिद्ध केले. पण त्यातला एक कळीचा दुवा अजून सिद्ध व्हायचा होता. त्यासाठी बैजिक भूमितीचा पायाच नव्याने घालावा लागला आणि पूर्ण सिद्धता व घातीय बेरजांवरील निबंध १९४८ साली आले. तुरुंगाच्या एकांतात प्रतिभा फुलली, ही लोकप्रिय कथा म्हणूनच आम्हांला अर्धी वाटते. रूपकाने जे उसने दिले, ते फेडायला आठ वर्षे लागली. अनेक चलांच्या बेरजांसाठी तर देलिन्यच्या १९७४ च्या सिद्धतेपर्यंत थांबावे लागले. आणि साम्याचा एकदा सिद्धांत झाला की त्यातली ओढ संपते, ही खंतही वेयने त्याच पत्रात नोंदवली आहे.

वेय १९३० ते १९३२ या काळात अलीगढला प्राध्यापक होता. त्याने तेथे आणलेल्या तरुणांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. मराठी अभ्यासकांना ते इतिहासकार म्हणून आणि भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक म्हणून ठाऊक आहेत. ती चिकित्सक आवृत्तीही १९४८ चीच. विखुरलेल्या हस्तलिखितांतून पाठ निश्चित करणारे कोसंबी गणितात मात्र मधला स्तंभ टाळून थेट संख्यांच्या स्तंभाकडे वळले. रीमानच्या मूळ अटकळीवर त्यांनी १९५९ मध्ये संभाव्यतेच्या आधारे युक्तिवाद मांडला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही.