माळवदाच्या घराची खिडकी

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा थोड्याच मिनिटांच्या अंतराने दोनदा हादरला. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. कळमनुरी तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या माळवदाला त्या दिवशी एक भेग पडली, एवढेच. पण १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि मामांनी घर उतरवायचे ठरवले. ज्यांनी १९९३ चे किल्लारी पाहिले आहे, त्यांच्याशी या बाबतीत वाद घालता येत नाही. "लाकूड काय न्यायचं ते ने बाबा," ते म्हणाले. मी एक खिडकी मागितली.

ही खिडकी कोरीव नाही, हेच तिचे दुर्दैव. आपल्याकडे लाकडी बांधकामावर जे लिहिले जाते, ते बहुतेक पेशवाई वाड्यांच्या महिरपींवर आणि कमळांवर. मराठवाड्यातली साधी खिडकी मोजून ठेवावी असे फारसे कुणाला वाटले नाही. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

सागवानी चौकट, उंची अडीच फूट, रुंदी पावणेदोन. पाच उभे गज, आत दोन कवाडे. बिजागरी नाही. कवाडाच्याच फळीतून वर-खाली गोल खुंट काढलेले असून ते चौकटीच्या खळग्यांत फिरतात. खिळा तर एकही नाही. आडव्या लाकडाचे कुसू उभ्या लाकडाच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली. कुसवातले भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडलेले, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जातो. सांधे उकलले तेव्हा आत पटाशीने मारलेल्या रेघा दिसल्या: एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. कोणते कुसू कोणत्या खाचेचे, याची सुताराने स्वतःपुरती केलेली खूण. चौकट बसल्यावर ती कुणालाही दिसणार नव्हती.

गावचा सुतार बलुतेदार. औत-वखर, तिफण यांच्या दुरुस्तीबद्दल त्याला सुगीत धान्य मिळे. नव्या घराचे काम मात्र सहसा बलुत्यात धरत नसत, त्याची मजुरी वेगळी ठरे.

जपानी घरातल्या शोजीविषयी वाचताना मला ही खिडकी आठवत राहिली. तिथेही कुसू आणि खाच, खिळ्यावाचून सांधा. पण बारीक पट्ट्यांच्या त्या जाळीवर भाताच्या खळीने कागद चिकटवतात आणि जुन्या रिवाजाप्रमाणे वर्षअखेरीच्या साफसफाईत तो बदलतात, जसा आपण दिवाळीआधी चुना देतो. त्या घराचा भार खांबांवर असतो, भिंतीला काही पेलायचे नसते. म्हणून घराची अख्खी बाजूच सरकती करता येते. माळवदाचे छतही खांब-तुळयांवरच असते. पण उन्हाळ्यासाठी आपण त्यावर मातीचा जाड थर दिला आणि भोवती दोन-तीन फूट रुंदीची दगडमातीची भिंत घातली. त्या भिंतीत भोक ठेवायचे तर वरचा दगड तोलावा लागतो. म्हणून खिडकी लहान आणि चौकट जाड. उजेड यायचा तो वरून, छतातल्या साण्यातून.

कागद आपल्याकडे नव्हता असे नाही. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यात १४ व्या शतकापासून, तुघलकाने राजधानी तिकडे नेली तेव्हापासून, हातकागद होत आला असे सांगतात. तो लिहिण्यासाठी गेला. खिडकीला तो लागला नाही, याचे कारण माझ्या मते साधे आहे: शोजी उजेड आत घेते आणि वारा अडवते. वैशाखात जो माळवदाखाली झोपला आहे, त्याला खिडकी कशासाठी हवी असते हे सांगायला नको.

किल्लारीत माणसे मारली ती प्रामुख्याने दगडमातीच्या भिंतींनी आणि छतावरच्या मातीने. भिंती कोसळल्यावरही पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या होत्या. पण नाव बद्दू झाले ते सगळ्या माळवदाचे, त्यात सुतारकामही आले. आता ते लाकूड वजनावर जाते.

आमचे घर दिवाळीनंतर उतरले. नव्या घराला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत आणि मामा तिथे निर्धास्त झोपतात. जुनी खिडकी माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. एक गज वाटेत मोडला. त्या गावात तेव्हा आणखी सात माळवदे उभी होती. यंदा चारांच्या चौकटींची मापे मी घेतली. पाचव्याची घ्यायला गेलो, तर दाराशी ट्रॅक्टर उभा होता.