पाळीव कुत्र्याला कॅन्सर : आधी विचारा, कोणता?

डॉक्टरांनी 'कॅन्सर' म्हटलं की अनेक घरांत उपचारांचा विचार तिथंच थांबतो. पण कुत्र्यांच्या सगळ्याच गाठी सारख्या नसतात. त्यामुळे रडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : गाठीचा नमुना तपासला का? सुईने घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की बराच उलगडा होतो.

भारतात मोकाट कुत्री भरपूर असल्याने 'टीव्हीटी' हा संसर्गजन्य कॅन्सर वारंवार दिसतो. यात समागमातून किंवा हुंगण्या-चाटण्यातून कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. माणसाला त्याचा धोका नाही. गुप्तांगावर फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त ठिबकतं. कधी गाठ नाकात असते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात नाकातलं ते रक्त घोळणा फुटल्याचं वाटू शकतं.

यावर व्हिन्क्रिस्टीन हे औषध शिरेतून, साधारण आठवड्याला एकदा देतात. बहुतेक कुत्री चार ते सहा इंजेक्शनांत बरी होतात. हे औषध मुळात सदाफुलीपासून मिळालं. म्हणून अंगणातल्या सदाफुलीचा पाला मात्र खाऊ घालू नये, तो विषारी असतो. इंजेक्शनांच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. औषधानंतर काही दिवस कुत्र्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालूनच साफ करावी.

कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात. लिम्फोमाचं तसं नाही. जबड्याखाली गाठी फुगतात. केमोथेरपीने बहुधा काही महिने, कधी वर्षभर चांगलं आयुष्य मिळतं, पण तो क्वचितच कायमचा बरा होतो.

अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. अमरावतीहून अंतर सुमारे 100 किलोमीटर. उपचाराला दर आठवड्याला जायचं असेल तर गाडी, सुट्टी आणि खर्च यांचा हिशेब घरच्यांनी आधीच मांडावा. पैशांचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्यात लाज कसली? ऐपत नसेल, तर फक्त वेदना कमी ठेवणं हाही उपचारच आहे. तेवढ्यासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

आजार हाताबाहेर गेला तर कॅलेंडरवर रोज खूण करावी : आज जेवला का, स्वतः उठला का, दारात कोणी आलं तर शेपटी हलवली का. वाईट दिवस वाढू लागले की दयामरणाबद्दल डॉक्टरांना विचारावं. घरातल्या मुलांनाही खरं काय ते सांगावं. 'शेतावर सोडून आलो' म्हटलं की ती वाट बघत राहतात.