‘मोकळी जमीन’ : गिरणगावच्या इतिहासातील दोन शब्द

नारायण सुर्वे यांच्या कविता किंवा जयंत पवार यांचे ‘अधांतर’ शिकवताना आम्ही गिरणगावच्या चाळीला बहुधा पार्श्वभूमी मानतो. ती चाळ तेथे कशी आली आणि तिच्या अवतीभवतीच्या जमिनीचे पुढे काय झाले, हे प्रश्न वर्गाबाहेरच राहतात. प्रस्तुत टिपणात त्यांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. घरात न मावणारे आयुष्य साहजिकच गॅलरीत, जिन्यात आणि रस्त्यावर आले. पाळ्यांच्या वेळांनुसार माणसांची ये-जा चालू असे. रस्त्यावर ओळखीचे डोळे असत आणि त्यांचाच आधार वाटे. या जीवनाचे उदात्तीकरण आम्हांस करावयाचे नाही; दाटी आणि भांडणेही तितकीच खरी होती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने कामगाराचे छप्पर टिकले. मात्र गोठलेल्या भाड्यामुळे खासगी चाळींच्या मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांच्या जमिनीची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी सांगितली : एक भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. मोकळ्या जमिनीबरोबरच बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही या वाटणीत धरलेली होती. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे आवार बहुतांशी शेड्सनी व्यापलेले. साहजिकच पहिले दोन्ही वाटे आक्रसले. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने या दुरुस्तीविरुद्ध निर्णय दिला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली.

गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, हजारो नोकरदार रोज तेथे उतरू लागले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल मात्र पूर्वीइतकाच अरुंद राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी पावसाच्या वेळी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. तीनच महिन्यांनी कमला मिल्सच्या आवारातील आगीत 14 जण गेले. या दुर्घटनांचे खापर एका दुरुस्तीवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु इमारतींना परवानगी देताना माणसांच्या वाटेचा विचार मागे पडला, हे नाकारता येत नाही.

शब्दांचे अर्थ लावणे हा आपला व्यवसाय. ‘मोकळी’ या विशेषणाचा अर्थ ठरला तेव्हा साहित्याच्या अभ्यासकांचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. पुढच्या वेळी ‘अधांतर’ शिकवताना नियम 58 ची दोन्ही रूपे विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत, असे आम्हांस वाटते.