परसातला सब्जा

काव्यवाचन संपलं की मला हमखास विचारतात, ‘मराठी कुठे शिकलात?’ अशा वेळी मला आमचं परस आठवतं.

तिथे मोरीच्या पाण्यावर अम्मीचा सब्जा वाढायचा. मंजिरी धरण्याआधीच ती शेंडे खुडायची. त्याने बाजूला फांद्या फुटतात, पानं कोवळी राहतात. ती पानं पुदिन्याबरोबर चटणीत जात. दोन झाडं मात्र बियांसाठी राखलेली. मंजिऱ्या वाळून तपकिरी झाल्या की ती सुपात चोळायची, पाखडायची. रमजानात तेच काळे दाणे सरबतात फुगत.

शेजारच्या काकू सब्जाला ‘तुमची तुळस’ म्हणत. वनस्पतिशास्त्रानुसार दोघी बहिणीच, ऑसिमम प्रजातीतल्या. नाव मात्र फारसी. ‘सब्ज’ म्हणजे हिरवा. अरबीत त्याला रैहान म्हणतात. कुराणातल्या सूरह रहमानमध्ये सुगंधी वनस्पतीसाठी हाच शब्द आहे. पण हे झाड मूळचं उष्ण आशियातलं, म्हणजे आपल्याच बाजूचं!

आणि कोथिंबीर? नाव अस्सल संस्कृत, कुस्तुंबुरु. पाणिनीच्या व्याकरणातही ते येतं. झाड मात्र भूमध्य समुद्र आणि पश्चिम आशियाकडचं. इजिप्तमध्ये तूतनखामेनचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यात धणे होते. म्हणजे नावाने घरची ती पाहुणी आणि नावाने पाहुणा तो घरचा.

अम्मीला यातलं काही ठाऊक नव्हतं. काकूंनी बी मागितलं, तेव्हा तिने मूठभर सब्जा कागदाच्या पुडीत बांधून दिला. बदल्यात काकूंकडून धणे आले.