बेने इस्रायली ग्रंथ व कागदपत्रांचा संग्रह

कोकणातून मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या मराठी भाषक ज्यूंचे जुने छापील साहित्य व समाजजीवनाचे सुटे कागद यांचा संग्रह. संग्राहक हिब्रू-मराठी पुस्तकांना विशेष मोल देतात. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण (1832) मिशनरी गरजेतून आले. पुढे समाजाने स्वतःच छपाई हाती घेतली. वल्हांडण सणाच्या विधीचे पुस्तक, म्हणजे हग्गादा, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापले गेले. पुण्याची 1874 ची हग्गादा मात्र सर्वांत लोभस: तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांची प्रार्थनापुस्तकांची भाषांतरेही महत्त्वाची. हाईम सॅम्युएल केहिमकरांचा समाजेतिहास 1897 मध्ये लिहून झाला, पण तेल अवीव येथे 1937 मध्ये प्रसिद्ध झाला.

ही पुस्तके दुर्मिळ का? समाज लहान, म्हणून वाचकही मोजके. देवाचे नाव असलेले जीर्ण ग्रंथ फेकायचे नाहीत, पुरायचे, अशी ज्यू प्रथा. त्यात कोकणची दमट हवा आणि वाळवी. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तसा उरलेला ऐवजही विखुरला. विवाहकरार (केतुबा), लग्नपत्रिका, सिनेगॉगचे अहवाल असले कागद ग्रंथसूचींत सहसा येत नाहीत. समाजाचा रोजचा व्यवहार मात्र त्यांतच दिसतो. छापील हिब्रू ग्रंथांच्या शोधासाठी अब्राहाम यारी यांची पौर्वात्य हिब्रू मुद्रणाची सूची (भाग 2, 1940) आजही उपयोगी पडते.