भिंतीपलीकडचे आवाज

मराठी वाङ्मयात वाड्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. वाड्याच्या आवाजाविषयी मात्र फारसे नाही. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतले वाडे काळ्या दगडाच्या जोत्यावर, माती-विटांच्या जाड भिंतींनी उभे असत. आवाज तिथेही होताच. उखळ-मुसळ, जाते, गोठ्यातली म्हैस, शेजारच्या तालमीतला दमसास. पण तो चौकातून, म्हणजे मोकळ्या हवेतून येई, आणि कोणाचा हे कळे. कळले की त्याच्याशी भांडताही येई!

फ्लॅटमध्ये नेमके हेच हरवले. आरसीसीच्या इमारतीत खांब, तुळया आणि स्लॅब हा एकच जोडलेला सांगाडा असतो. तिसऱ्या मजल्यावर कोणी फरशी उखडायला ब्रेकर लावला की कंप त्या सांगाड्यातून पाचव्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत पोहोचतो. खिडक्या लावून घेण्याचा उपयोग नाही, कारण आवाज खिडकीतून आलेलाच नसतो. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने फ्लॅट ज्याचा त्याचा ठरवला. पाया, खांब, तुळया आणि मुख्य भिंती मात्र सर्वांच्या सामाईक. म्हणजे शेजाऱ्याच्या नूतनीकरणाचा त्रास आपल्यापर्यंत येतो तो आपल्याच सामाईक मालमत्तेतून. विनोदच म्हणायचा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. बांधकामाच्या यंत्रांना रात्री बंदी आली ती २०१० च्या दुरुस्तीने. पण या नियमांतला 'दिवस' सकाळी ६ ते रात्री १० असा सोळा तासांचा आहे. दुपारी झोपणारे आजारी माणूस, रात्रपाळी करून आलेला कामगार, परीक्षेला बसणारा विद्यार्थी यांची दुपार त्यात कुठेच बसत नाही.

मुलांकडे सिंगापूरला चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना याची दुसरी बाजू दिसते. तिथल्या एचडीबीच्या सरकारी वसाहतींत भिंत फोडण्यासारखी कर्कश कामे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात करता येतात, शनिवार-रविवारी नाही. नियम उत्तम, यात शंका नाही. पण तो नोकरदाराची सुटी जपतो. ९ ते ५ या वेळात मुलगा-सून कचेरीत असतात आणि घरी असतात ते हेच आईवडील. परक्या देशात, भाषा बेताची, जिन्यात कोणाची ओळख नाही. दार वाजवून 'अहो, जरा थांबता का' म्हणायचे तरी कोणाला?

आवाजाचा त्रास सांगणारा एक आणि सोसणारा दुसराच, हे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवे नसावे. लंडनच्या चेल्सी भागात राहणारा टॉमस कार्लाईल शेजारच्या कोंबड्यांनी आणि पियानोने हैराण झाला होता. त्याच्या तक्रारी वाङ्मयेतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. १८५२ साली खुद्द त्याच्याच घराची मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा तो आधी स्कॉटलंडला आणि मग फ्रेडरिक राजाच्या चरित्राच्या साधनांसाठी जर्मनीला गेला. सुतार-गवंड्यांच्या ठोकाठोकीत, धुळीत घर सांभाळत राहिली ती त्याची पत्नी जेन. तिची पत्रे आज वाचली तर हा सगळा प्रकार तिने किती तिखट विनोदाने पेलला ते दिसते. आमच्या मते त्या काळच्या घरगुती जीवनाचा इतिहास नवऱ्याच्या ग्रंथांपेक्षा या पत्रांत अधिक आहे. पण अभ्यासक्रमात अजूनही नवराच असतो. असो.

१८५३ मध्ये कार्लाईलने माळ्यावर खास 'नि:शब्द' खोली बांधायला घेतली. म्हणजे शांततेसाठी पुन्हा गवंडी, पुन्हा धूळ. एवढे करून खोली नि:शब्द झालीच नाही. वर हवेसाठी ठेवलेल्या वाटेने दूरचे आवाज आत येत. फ्रेडरिकचे चरित्र त्याने तिथेच बसून लिहिले. ते १८६५ साली संपले, आणि पुढे ती खोली घरातल्या मोलकरणीला झोपायला देण्यात आली.